दिल्लीचा हरवलेला पागलखाना

करोल बागेत मराठी कानावर पडतं ते बहुधा सोन्याच्या गल्ल्यांत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडून देशभर पसरलेली सोनं गाळणारी गलाई मंडळी इथंही आली, बीडनपुरा-रैगरपुऱ्याच्या बोळांत त्यांनी भट्ट्या लावल्या, आणि त्यांची मुलं आता हिंदी-पंजाबी मिसळलेलं मराठी बोलतात. याच करोल बागेत, अजमल खाँ रोडच्या गर्दीपासून जवळच, आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजचं जुनं आवार आहे. खरेदीला आलेल्यांपैकी फार थोडे आत डोकावतात. दिल्लीतल्या मनोरुग्णांचा इतिहास शोधायला निघालेल्या माणसानं मात्र पहिलं पाऊल इथं टाकायला हरकत नाही.

२९ मार्च १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी या कॉलेजची कोनशिला बसवली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. पाच वर्षांत देश किती बदलला होता, हे या दोन नावांवरूनच कळतं. दोन्ही प्रसंगांमागे माणूस एकच, हकीम अजमल खान. वैद्य आणि हकीम एका छपराखाली शिकावेत, आणि त्यांची औषधं रसायनशाळेत तपासली जावीत, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी सलीमुज्जमान सिद्दिकी या तरुणाला हेरलं. सिद्दिकी फ्रँकफर्टहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतले, तेव्हा हकीमसाहेब हयात नव्हते. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांचं निधन झालं होतं. तरी ठरल्याप्रमाणे तिब्बिया कॉलेजच्या संशोधन विभागात काम सुरू झालं, आणि सिद्दिकींनी हाती घेतली सर्पगंधेची मुळी.

ही मुळी बिहारात ‘पागल की दवा’ म्हणून विकली जायची. भडकलेल्या, रात्र-रात्र न झोपणाऱ्या रुग्णाला ती देत. १९३१ मध्ये सिद्दिकींनी तिच्यातून काही अल्कलॉइडं वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला गुरूच्या स्मरणार्थ नाव दिलं, अजमलीन. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधा लागू पडते, असा लेख प्रसिद्ध केला. पुढं १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगाचं लक्ष तिकडं वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत मनावर काम करणारा घटक सापडला, रेझर्पिन. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड या सरकारी मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी तो वापरून पाहिला. वैद्यकातल्या १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या यादीत क्लाइन आणि वकील ही दोन्ही नावं आहेत. रेझर्पिनची जागा लवकरच इतर औषधांनी घेतली. अजमलीन मात्र हृदयाच्या ठोक्यांचा एक विकार तपासण्यासाठी अजूनही वापरलं जातं.

औषधाची ही कहाणी नीट लिहिलेली आहे. तारखा, नावं, शोधनिबंध सगळं जागच्या जागी सापडतं. प्रश्न पुढचा आहे. १९३१ मध्ये करोल बागेतल्या प्रयोगशाळेत वेडावरच्या मुळीचं पृथक्करण चाललं होतं, तेव्हा दिल्लीतली वेडी माणसं कुठं होती?

दिल्लीत नव्हती. देशाच्या राजधानीत तेव्हा सरकारी मनोरुग्णालय नव्हतं. ज्यांना हकिमाचं औषध लागू पडलं नाही, ज्यांना घरच्यांनी सांभाळलं नाही, किंवा जे रस्त्यावर पोलिसांच्या हाती लागले, त्यांची रवानगी लाहोरला होत असे. त्याआधी दिल्लीला स्वतःचा पागलखाना होता. तो बंद झाला, आणि त्याच्या कागदांचा माग काढू लागलं की सरहद्द आडवी येते.

१८५७ च्या उठावानंतर दिल्ली वायव्य प्रांतातून काढून पंजाबला जोडली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंजाब सरकारच्या वेड्यांच्या इस्पितळांचे जे वार्षिक अहवाल छापले जात, त्यांत दोन ठिकाणांची नावं जोडीनं येतात, लाहोर आणि दिल्ली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर लाहोरला जेल रोडवर मोठं नवं आवार तयार झालं आणि दिल्लीचं इस्पितळ गुंडाळून रुग्ण तिकडं हलवण्यात आले. मग १ ऑक्टोबर १९१२ रोजी दिल्ली पंजाबपासून तोडून मुख्य आयुक्तांचा स्वतंत्र प्रांत झाला. कारभार वेगळा झाला, तरी जुन्या पत्रव्यवहाराचं मूळ दफ्तर पंजाब सरकारकडं, म्हणजे लाहोरलाच राहिलं. लाहोरच्या सचिवालयाच्या आवारात अनारकलीचा मकबरा म्हणून ओळखली जाणारी अष्टकोनी इमारत आहे. पंजाबचं अभिलेखागार तिथं आहे. दिल्लीच्या पागलखान्यावर काम करू पाहणाऱ्या भारतीय अभ्यासकाला तिथवर जाण्यासाठी व्हिसा लागतो, आणि तो किती दुर्मीळ आहे हे सांगायला नको.

दिल्लीत जे शिल्लक आहे ते तुकड्यांनी. दिल्ली अभिलेखागार ही संस्था १९७२ ची. मुख्य आयुक्त आणि उपायुक्त यांच्या कचेऱ्यांचं दफ्तर तिच्याकडं आहे. जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याच्या वैद्यकीय शाखेचे कागद आहेत. मराठी वाचकाला या दुसऱ्या संस्थेशी एक जुनं नातंही सापडेल. १८९१ मध्ये कलकत्त्याला इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट म्हणून ती सुरू झाली, तेव्हा तिचे पहिले प्रमुख जॉर्ज फॉरेस्ट मुंबईहून गेले होते. मुंबई सचिवालयातल्या मराठ्यांविषयीच्या कागदपत्रांचं संपादन करून त्यांनी नाव मिळवलं होतं. आणि स्वातंत्र्याच्या वेळी संस्थेची धुरा मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेचे इतिहासकार सुरेंद्रनाथ सेन यांच्याकडं होती. ज्यांनी पेशवाईचे रुमाल सोडले, त्यांच्याच परंपरेत दिल्लीचे बस्ते बांधले गेले.

छापील वार्षिक अहवाल मात्र आता घरबसल्या वाचता येतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ब्रिटिश भारताच्या वैद्यकीय इतिहासाचा मोठा संग्रह इंटरनेटवर मोफत खुला केला आहे आणि त्यात पंजाब, मुंबई, मध्य प्रांत इथल्या वेड्यांच्या इस्पितळांचे अहवाल आहेत. ते वाचायला बसलं की पहिल्या काही पानांतच एक गोष्ट ध्यानात येते. पान उलटावं तिथं तक्ता आहे. वर्षाच्या सुरुवातीला किती होते, किती आले, किती बरे झाले, किती नातलगांच्या ताब्यात दिले, किती पळाले, किती मेले. धर्म, वय, धंदा. दर माणशी खुराकाचा खर्च किती, कपड्यांचा किती, रखवालदारांच्या पगाराचा किती. रुग्णांनी बागेत आणि मागावर केलेल्या कामातून किती रुपये सुटले, तेही. खर्च गेल्या वर्षीपेक्षा वाढला असेल तर अधीक्षक त्याचं स्पष्टीकरण देतो. धान्य महागलं, थंडी जास्त पडली. मृत्यू वाढले असतील तर त्याचंही देतो, पण बहुधा आलेले रुग्णच खंगलेले होते, अशा शब्दांत.

या तक्त्यांमागे १८५८ चा छत्तिसावा कायदा उभा आहे. उठावानंतर लगेच झालेल्या या कायद्यानं भटक्या किंवा धोकादायक वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढं उभं करण्याचं काम पोलिसांवर टाकलं. डॉक्टरनं दाखला द्यायचा, मॅजिस्ट्रेटनं हुकूम काढायचा, आणि माणूस इस्पितळाच्या दरवाजातून आत जायचा. त्याच्यासोबत एक वर्णनपत्र जाई. नाव, बापाचं नाव, जात, धंदा, सवयी, वेड कधीपासून, आणि वेडाचं कारण.

कारणाच्या या रकान्यावर जितकं लिहावं तितकं थोडं आहे.

तो भरणारा माणूस बहुतेक वेळा पोलीस ठाण्यातला कारकून किंवा शिपाई असे. समोर बडबडणारा किंवा तोंड न उघडणारा अनोळखी माणूस. गाव माहीत नाही, नातलग नाहीत. रकाना मोकळा ठेवला तर वरून विचारणा होणार. मग ‘गांजा’, ‘चरस’, ‘भांग’ असं काहीतरी लिहिलं जाई. पंजाबात यारकंदहून येणारा चरस सर्रास मिळे. बंगालात गांजा, मुंबईकडंही गांजा. वेडा मनुष्य फकिराच्या किंवा बैराग्याच्या वेषात असेल तर शंकाच उरत नसे. वर्षअखेर असे सगळे रकाने मोजले जात, टक्केवारी निघे, आणि छापील अहवालात ती शास्त्रीय माहिती म्हणून येई. वर्षानुवर्षं अशी आकडेवारी साठत गेली आणि गांजा हे हिंदुस्थानातल्या वेडाचं मोठं कारण असल्याचा समज लंडनपर्यंत पोचला.

१८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात या विषयावर प्रश्न उभा राहिला आणि भारत सरकारनं एक आयोग नेमला. अध्यक्ष होते मॅकवर्थ यंग, पुढं पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर झालेले. कंवर हरनामसिंग, राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद हे भारतीय सभासद. आयोगानं १,१९३ साक्षी घेतल्या. पण इतिहासाच्या दृष्टीनं त्याचं सर्वांत मोलाचं काम वेगळंच होतं. त्यानं १८९२ या एका वर्षात देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या रुग्णांची कागदपत्रं मागवली, ज्यांच्या नावापुढं गांजा-चरस-भांग लिहिलं होतं त्यांच्या गावी चौकशी करायला लावली, शेजाऱ्यांना आणि घरच्यांना विचारायला सांगितलं. त्या वर्षी दाखल झालेल्या १,३४४ जणांपैकी २२२ अमली पदार्थांच्या खात्यावर टाकलेले होते. चौकशीअंती आयोगाला त्यांतले केवळ ९८ कसेबसे टिकवता आले, आणि निव्वळ अमली पदार्थामुळं वेड लागलं असं म्हणता येण्याजोगे ६१. बाकीच्यांच्या घरात आधीपासून वेड होतं, किंवा फेफरं होतं, किंवा माणूस वेडा झाल्यावर चिलीम ओढू लागला होता, किंवा त्यानं आयुष्यात गांजाला हातच लावला नव्हता. ढाक्याच्या इस्पितळाचे अधीक्षक क्रॉम्बी यांनी या विषयावर अधिकारवाणीनं लिहिलं होतं; आयोगानं त्यांचेच कागद त्यांच्यापुढं ठेवले तेव्हा ते आकडे टिकले नाहीत.

स्थानिक दफ्तरातून मनोरुग्णालयाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या प्रत्येकानं या आयोगाचा तो भाग वाचावा. छापील आकड्यावर थांबायचं नाही, आकडा कुणी, कुठं बसून, कुणाला विचारून लिहिला इथपर्यंत जायचं, हे त्या सरकारी माणसांनी सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. तेही पुरेसं नव्हतं. शेजाऱ्याला विचारलं, बायकोला विचारलं. रुग्णाला काय वाटत होतं ते फारसं कुणी विचारलेलं दिसत नाही.

रुग्णाचा आवाज ऐकू येण्याची शक्यता असते ती इस्पितळाच्या स्वतःच्या रुग्णवह्यांत. छापील अहवालात ‘बरा होऊन नातलगांच्या ताब्यात’ एवढंच असतं. रुग्णवहीत तो कधी जेवायला नकार देत होता, काय गात होता, कुणाला हाका मारत होता, कामावर कधी जाऊ लागला हे असतं. लखनऊच्या इस्पितळाच्या एकोणिसाव्या शतकातल्या अशा वह्या शिल्लक राहिल्या, म्हणून जेम्स मिल्स यांना २००० साली प्रसिद्ध झालेलं त्यांचं पुस्तक लिहिता आलं. मुंबई इलाख्यातल्या इस्पितळांवर सारा अ‍ॅन पिंटो यांनी २०१८ मध्ये पुस्तक लिहिलं. कुलाबा, पुणे, रत्नागिरी, अहमदाबाद, धारवाड आणि सिंधमधलं हैदराबाद इथवर त्या इस्पितळांचं जाळं पसरलं होतं. ही पुस्तकं वाचताना दिल्लीच्या रिकाम्या जागेची जाणीव अधिकच टोचते. जिथल्या वह्या टिकल्या तिथल्या माणसांना चेहरा मिळाला. जिथल्या गेल्या तिथं तक्ताच उरला.

लाहोरच्या इस्पितळाची सुरुवात तर एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. रणजितसिंहाच्या दरबारी असलेले ट्रान्सिल्व्हेनियाचे वैद्य योहान मार्टिन होनिगबर्गर यांच्याकडं १८४९ मध्ये, पंजाब इंग्रजांनी घेतल्यावर, बारा वेडे सोपवण्यात आले. तिथून वाढत वाढत ते पंजाब सरकारचं मुख्य इस्पितळ झालं. त्याचे अधीक्षक ईवेन्स यांनी १९०८ मध्ये हिंदुस्थानातल्या वेडावर ग्रंथ लिहिला. नंतरचे अधीक्षक लॉज पॅच यांनी १९३९ मध्ये पंजाबातल्या मनोविकारचिकित्सेच्या शंभर वर्षांचा आढावा एका ब्रिटिश नियतकालिकात छापला. कार्यालयातले जुने कागद वाचून आपल्याच संस्थेचा इतिहास लिहिणारा असा अधीक्षक मिळणं हे भाग्य. दिल्लीच्या पागलखान्याच्या वाट्याला ते आलं नाही.

१९१२ मध्ये नवा कायदा आला. रांचीच्या युरोपियन इस्पितळाचे अधीक्षक बर्कले-हिल यांच्या आग्रहानं १९२० च्या सुमारास या संस्थांच्या पाट्या बदलल्या आणि त्या ‘मेंटल हॉस्पिटल’ झाल्या. पण भिंती त्याच राहिल्या. १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीसाठी रांचीचेच कर्नल मूर टेलर यांनी देशातल्या मनोरुग्णालयांची पाहणी केली. देशात एकूण खाटा होत्या १०,१८१, म्हणजे सुमारे चाळीस हजार माणसांमागं एक. इंग्लंडात तीनशे माणसांमागं एक होती. सर्वांत वाईट म्हणून टेलर यांनी चार संस्थांची नावं घेतली आणि त्या तुरुंगासारख्या असून नव्यानं बांधाव्यात असं लिहिलं. ती चार म्हणजे लाहोर, आग्रा, ठाणे आणि नागपूर. दिल्लीचा माणूस जिथं पाठवला जाई ते लाहोर, आणि मराठी मुलुखातली दोन मोठी इस्पितळं, एकाच यादीत, एकाच दोषासाठी.

पुढच्याच वर्षी फाळणी झाली.

करोल बागेनं ती अंगावर घेतली. सप्टेंबर १९४७ च्या हिंसाचारात इथली मुसलमान वस्ती उठली, पुराना किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्यातल्या छावण्यांत गेली, आणि तिथून पाकिस्तानात. याच दिवसांत करोल बागेत शल्यविशारद डॉ. एन. सी. जोशी मारले गेले. त्यांच्या नावाचं रुग्णालय आणि जोशी रोड आजही आहे. रिकाम्या घरांत पश्चिम पंजाबातून आलेली कुटुंबं शिरली. आज करोल बागेची ओळख असलेल्या अनेक दुकानांचे मूळ मालक लाहोर, रावळपिंडी, लायलपूरचे. तिब्बिया कॉलेजचे सलीमुज्जमान सिद्दिकी १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले आणि तिथल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे संस्थापक झाले.

या अदलाबदलीत एक गट असा होता, ज्याला कुणी काही विचारलं नाही. लाहोरच्या मनोरुग्णालयात अडकलेले हिंदू आणि शीख रुग्ण, आणि भारतातल्या रुग्णालयांतले पाकिस्तानी भागातले मुसलमान रुग्ण. त्यांना घरी नेणारे नातलग स्वतःच निर्वासित झालेले, कुणी मारले गेलेले, कुणी छावणीत. दोन सरकारांचा पत्रव्यवहार तीन वर्षं चालला. १९५० मध्ये साडेचारशेच्या आसपास रुग्ण लाहोरहून अमृतसरला आले. त्यांतले पंजाब, हिमाचल, दिल्ली या भागांतले बहुतेक अमृतसरलाच राहिले आणि उरलेले रांचीला गेले. उलट दिशेनं दोनशेहून अधिक गेले. सआदत हसन मंटो यांची ‘टोबा टेक सिंह’ ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ती याच घटनेवर बेतलेली. मंटो स्वतः दारूच्या व्यसनासाठी लाहोरच्या त्याच इस्पितळात राहिलेले होते, हे तितकंसं ठाऊक नसतं. कथा इतकी प्रभावी आहे की तिच्या मागची खरी माणसं कित्येक दशकं इतिहासकारांच्याही नजरेतून सुटली. संजीव जैन आणि आलोक सरीन या मानसोपचारतज्ज्ञांनी अलीकडच्या काळात अभिलेखागारांतले कागद काढून त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कुठं त्या प्रवासाला तारखा आणि आकडे मिळाले.

अमृतसरची गोष्ट इथं जरा थांबून सांगितली पाहिजे, कारण या साऱ्या इतिहासात मन हलकं करणारं एवढंच एक प्रकरण आहे. तिथले अधीक्षक डॉ. विद्यासागर यांच्यापुढं गर्दी होती, जागा नव्हती, माणसं नव्हती. त्यांनी सैन्याकडून तंबू मिळवले, आवारात ठोकले, आणि रुग्णासोबत त्याच्या घरच्यांनाही तिथंच राहायला लावलं. आईनं मुलाला जेवू घालायचं, भावानं भावाला फिरवून आणायचं, आणि रोज सगळ्यांनी एकत्र बसून डॉक्टरांचं बोलणं ऐकायचं, शंका विचारायच्या. आजार म्हणजे भूतबाधा किंवा शाप नव्हे, हे एका कुटुंबाला कळलं की ते पुढच्या तंबूतल्या कुटुंबाला सांगे. नातलग सोबत असल्यानं रुग्ण टाकून दिले जाण्याचं प्रमाण घटलं. पश्चिमेत कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याची चर्चा जोर धरू लागली होती त्याच सुमाराला, सरहद्दीपासून हाकेच्या अंतरावर, फाळणीनं पोळलेल्या शहरात हे घडत होतं. आज ती संस्था त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

दिल्लीला स्वतःचं मनोरुग्णालय पुन्हा मिळालं ते १९६६ मध्ये, यमुनेपलीकडं शाहदऱ्याला. जुना पागलखाना बंद होऊन तोवर साठाहून अधिक वर्षं लोटली होती. हे नवं रुग्णालयही काही वर्षांतच जुन्यासारखं झालं. तिथल्या दुरवस्थेविषयी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. १९८९ मध्ये न्यायालयानं त्यात लक्ष घातलं, बंगळुरूच्या निमहान्स या मानसोपचार संस्थेचा नमुना समोर ठेवला, आणि १९९३ मध्ये त्याच जागी इहबास ही स्वायत्त संस्था उभी राहिली. एका अर्थी न्यायालयातली ती कागदपत्रं हेच दिल्लीच्या या रुग्णालयाचं सर्वांत बोलकं दफ्तर आहे. पाहणी करणारे तज्ज्ञ आत गेले, त्यांनी पाहिलं ते लिहिलं, आणि ते न्यायालयात नोंदलं गेलं, म्हणून टिकलं.

अभ्यासकानं काय शोधावं, याचं उत्तर या साऱ्यात आहे. छापील अहवालात पैसा दिसतो. आयोगाच्या खंडांत संशय दिसतो. न्यायालयाच्या कागदांत भिंतींमागचं वास्तव. या तिन्हींना एकमेकांशेजारी ठेवलं तर एखाद्या रुग्णालयाचा सांगाडा उभा राहतो. माणूस उभा करायचा तर रुग्णवही हवी, दाखल्याचा मूळ कागद हवा, नातलगांनी पाठवलेलं आणि उत्तर न मिळालेलं पोस्टकार्ड हवं. कित्येक रुग्णालयांत असे कागद असतात. ते वाळवी आणि पावसाच्या स्वाधीन असतात, किंवा इमारत पाडायची वेळ येते तेव्हा रद्दीत निघतात.

आणि ही वेळ महाराष्ट्रात आलेली आहे. नागपूरचं रुग्णालय १८६४ चं. रत्नागिरीचं १८८६ चं. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावानं उभं राहिलेलं ठाण्याचं १९०१ चं. येरवड्याचं आवार १९१५ पासून वापरात आहे आणि २,५४० खाटांच्या मंजुरीमुळं देशातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत त्याची गणना होते. ‘ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला ने’ असं कुणी सहज बोलून जातं, तेव्हा या चार आवारांत सव्वाशे-दीडशे वर्षांत किती लाख माणसं राहून गेली याचा विचारही मनात येत नाही. ठाण्याच्या आवारातून आता ठाणे-मुलुंडदरम्यानच्या नव्या रेल्वे स्थानकासाठी जमीन दिली जात आहे, आणि जुन्या इमारतींच्या जागी नवं रुग्णालय उभारण्याचं काम निघालं आहे. नवी इमारत हवीच; मूर टेलर यांनी ती १९४६ मध्येच मागितली होती. पण जुन्या बराकी जमीनदोस्त होण्याआधी तिथली कपाटं, माळे, बंद खोल्या यांत काय आहे ते पाहिलं पाहिजे.

कायद्याचा आधार आहे. केंद्र सरकार आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा १८९२ पूर्वीचा कागद नष्ट करायला मनाई करतो. महाराष्ट्राचा स्वतःचा सार्वजनिक अभिलेख कायदा २००५ चा आहे. रुग्णांच्या नावांची गुप्तता हा खरा आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आणि त्या नोंदींची गुप्तताही मानली. ज्यांची नातवंडं हयात आहेत अशा माणसांची नावं उघड करून कुणाचंच भलं होणार नाही. पण त्यावर उपाय आहेत. नावं झाकून नोंदी अभ्यासकांना देता येतात, ठरावीक वर्षांनंतरच कागद खुले करण्याचा नियम करता येतो. कागद नाहीसा होऊ देणं हा गुप्तता राखण्याचा मार्ग नव्हे. तसं झालं तर त्या माणसाला आपला हक्क मागायलाही काही उरत नाही.

दिल्लीच्या जुन्या पागलखान्यातली माणसं आता सापडणार नाहीत. लाहोरच्या दफ्तरात काही असलंच तर ते कधीतरी कुणी वाचेल. महाराष्ट्रात मात्र अजून उशीर झालेला नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या अधीक्षकांनी आपापल्या रुग्णालयातल्या जुन्या वह्यांची यादी करून ती राज्य अभिलेखागाराला कळवावी, आणि अभिलेखागारानं माणसं पाठवून त्या उचलून न्याव्यात. ज्या घरांत आजोबांचा भाऊ किंवा आजीची बहीण ‘तिकडं’ गेली होती एवढंच कुजबुजत सांगितलं गेलं, त्या घरांनी ट्रंकेतली जुनी पत्रं, मॅजिस्ट्रेटचे हुकूम, पोस्टाच्या पावत्या टाकून देऊ नयेत. नाव झाकून का होईना, हे कागद जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवावेत.